लांबचा विमानप्रवास : पायांना विसरू नका

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. थेट विमानालाही १५-१६ तास लागतात. परदेशी मुलांकडे निघालेले आईवडील इतका वेळ पाय लोंबते ठेवून बसतात. पोटरीचे स्नायू हलले नाहीत की शिरांत रक्त साकळून गुठळी होऊ शकते. ती फुप्फुसात गेल्यास जिवावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार ४ तासांहून लांब प्रवासात हा धोका सुमारे दुप्पट होतो. प्रमाण मात्र ६,००० त एक. म्हणून अधूनमधून घोटे फिरवावेत, उठून चालावे. पूर्वी गुठळी झालेल्यांनी किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पोहोचल्यावर महिनाभरात एक पाय सुजला, पोटरी दुखली वा अचानक दम लागला, तर प्रवासाचा शीण समजून अंगावर काढू नये; तत्काळ रुग्णालय गाठावे.