छतावरचे ऊन, घरातला ताप

मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांपुढे गेला की उष्माघाताचा रुग्ण म्हणून डोळ्यांसमोर येतो तो उन्हात राबणारा मजूर. पण दिवसभर उंबरठाही न ओलांडलेले रुग्णही सरकारी रुग्णालयात येतात. पत्र्याच्या खोलीत खाटेवर पडून असलेली आजी, रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे आजोबा. ‘बाहेर गेल्याच नाहीत हो,’ असे नातेवाईक पुन्हा पुन्हा सांगतात.

कारण डोक्यावर असते. पत्रा पटकन तापतो आणि खाली आग ओकतो. सिमेंटचा स्लॅब दिवसभर उष्णता साठवतो आणि दिवस मावळल्यावर ती खोलीत सोडत राहतो. शरीराचा ताण उतरायचा तो रात्रीच, नेमका तेव्हाच गारवा मिळत नाही. हवा ३५ अंशांच्या वर गेली की उष्णता बाहेर टाकायला घामाखेरीज फारसा मार्ग उरत नाही. म्हातारपणी घामही कमी येतो आणि तहानही कमी लागते. ताप ४० अंशांवर जाऊन माणूस असंबद्ध बोलू लागला, तर अंगावर पाणी ओतत, वारा घालत त्याला लगेच रुग्णालयात न्यावे. शुद्ध नसेल तर तोंडाने पाणी पाजू नये.

अहमदाबादने हे महागात शिकले. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत तिथे नेहमीपेक्षा सुमारे १,३०० मृत्यू जास्त झाले. २०१३ मध्ये शहराने उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधली छते पांढरी रंगवायला घेतली.

यात गहन काही नाही. पांढरा पृष्ठभाग ऊन परत पाठवतो. स्लॅब धुऊन मार्चमध्ये चुन्याचे दोन हात दिले, तर खोली साधारण दोन ते पाच अंशांनी कमी तापते. खर्च कूलरच्या मानाने किरकोळ. पावसात चुना धुपतो, म्हणून दरवर्षी नवा हात द्यावा लागतो. पत्र्यावर चुना टिकत नाही, तिथे ऊन परावर्तित करणारा पांढरा रंग लावावा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. ते कोरडे खरवडू नयेत, त्यांना भोके पाडू नयेत. धुळीतले तंतू फुप्फुसात जातात.

कवेलूचे, मातीच्या जाड भिंतींचे घर उन्हाळ्यात सुसह्य होते, पण दरवर्षी कवेलू चाळायला आता माणूस मिळत नाही. लोकांना स्लॅब हवा, आणि त्यात गैर काही नाही. मात्र काचेच्या इमारतींना ‘हरित’ म्हणून मिरवताना घरकुलाच्या अंदाजपत्रकात पांढऱ्या छताचा खर्चही धरायला हवा.

आणि कूलर लावला तर खिडकी उघडी ठेवावी. बंद खोलीत दमटपणा वाढतो, आणि दमट हवेत घाम वाळत नाही.