पावसाच्या आधी, आजीला घेऊन

शाळा सुरू व्हायला पंधरा-वीस दिवस उरले की घराघरांतून एकच तक्रार ऐकू येते, "सुट्टी संपली आणि आपण कुठेच गेलो नाही." आमच्या घरात ही तक्रार कित्येक वर्षे होत होती आणि तिचे उत्तरही ठरलेले होते, "पुढच्या वर्षी पाहू." आपल्यापैकी बहुतेकांचा प्रवास हा कामापुरता. लग्न, मयत, बदली, दवाखाना आणि वर्षातून एखादे वेळी दादर किंवा नागपूर. नुसते फिरायला म्हणून सारे घर घेऊन निघणे मागच्या पिढीच्या हिशेबात कधी बसलेच नाही. त्यांना कोणी तशी सवड दिली नाही आणि त्यांच्या खिशातही ती नव्हती.

२०२५ च्या मे महिन्यात मात्र आम्ही निश्चय केला. पुण्याहून भाड्याची गाडी करायची, डोंगर उतरून कोकणात जायचे, समुद्र पाहायचा आणि रानातून परत यायचे. निघण्याची तारीख ठरली २८ मे. पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो, हा आमचा जुना ठोकताळा. पण त्या वर्षी २६ मे रोजीच मान्सून मुंबईत येऊन थडकला. कोकणात मुसळधार सुरू झाली आणि आमचा बेत बारगळला. मुले दोन दिवस रुसून बसली. आमची आई काहीच बोलली नाही. पिशवीत भरलेली दोन लुगडी तिने काढली आणि परत ट्रंकेत ठेवली.

आई आता ७६ वर्षांची आहे. गुडघे धरतात. जिना चढताना मध्ये दोनदा थांबते. त्या दिवशी ट्रंकेचे झाकण लागले तेव्हा आमच्या ध्यानात आले की 'पुढच्या वर्षी' हे उत्तर मुलांसाठी स्वस्त आहे, आईसाठी नाही. त्याच आठवड्यात आम्ही कागद-पेन्सिल घेऊन नव्याने बसलो. त्यातून जो बेत तयार झाला तो वाचकांपुढे ठेवत आहोत. कोणाला जसाच्या तसा उपयोगी पडेल, कोणाला त्यातला अर्धा.

तारीख आधी, ठिकाणे नंतर

पहिली चूक सुधारली ती तारखेची. उन्हाळा सरताना जायचे म्हणजे पाऊस दारात येईपर्यंत थांबायचे, असे नाही. आता आम्ही मे महिन्याचा तिसरा आठवडा धरला आहे. सोमवारी पहाटे निघायचे आणि शुक्रवारी रात्री परतायचे. शनिवार-रविवार टाळला की महाबळेश्वरच्या रस्त्यावरची निम्मी गर्दी टळते.

यात भित्रेपणा नाही. जुलै २०१८ मध्ये आंबेनळी घाटात बस दरीत कोसळून अनेकांचे प्राण गेले. जुलै २०२१ च्या पावसात महाड आणि चिपळूण ही दोन्ही शहरे पुरात बुडाली आणि महाड तालुक्यातील तळीये गावावर डोंगर कोसळला. सह्याद्रीचा पाऊस पाहण्यासारखा असतो हे खरे, पण म्हातारे माणूस आणि लहान मुले बरोबर असताना तो घरच्या खिडकीतून पाहावा. आणि पावसाळा असो वा उन्हाळा, घाट दिवसाउजेडीच उतरायचा, हा नियम आम्ही कागदाच्या माथ्यावरच लिहून ठेवला आहे.

पाच दिवसांची वाट

पहिला दिवस : पुणे, सातारा, मेढा, महाबळेश्वर. साताऱ्यात न्याहारी. इथल्याच शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव दाखल झाले. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. मुलांनी ती शाळा बाहेरून तरी पाहावी. तिथून मेढ्यावरून घाट चढून महाबळेश्वर. उंची सुमारे १,३७० मीटर, त्यामुळे मे महिन्यातही संध्याकाळी अंगावर काहीतरी घ्यावे लागते. जांभूळ, हिरडा, अंजन यांची सदाहरित झाडी इथे आहे. सगळे पॉइंट पाहायचा हट्ट आम्ही सोडून दिला. आईला गाडीतून उतरून दहा पावलांत पोहोचता येईल असा एकच कडा निवडायचा आणि तिथे सूर्य मावळेपर्यंत बसायचे. वाटेत करवंदे-जांभळे विकणाऱ्या बाया दिसतील, त्यांच्याकडून द्रोणभर घ्यायची आणि भावासाठी घासाघीस करायची नाही.

दुसरा दिवस : आंबेनळी घाटाने पोलादपूर आणि पुढे महाड. अंतर साधारण ६० किलोमीटर, पण घाटाचे वळणावळणाचे आहे. ज्यांना गाडी लागते त्यांनी रिकाम्या पोटी निघू नये आणि पोट भरूनही निघू नये. लिंबू, आले आणि दोन-तीन प्लॅस्टिकच्या पिशव्या हाताशी ठेवाव्यात. घाट उतरला की हवा बदलते, घामाच्या धारा लागतात. म्हणून दुपार मुक्कामावर सावलीत घालवायची.

महाडला मुक्काम का, याचे कारण आईचे आहे. लग्नानंतर एकदाच ती महाडला गेली होती, गावच्या मंडळींबरोबर, ट्रकमधून. ट्रक वाटेत बंद पडला, पोहोचायला रात्र झाली आणि ट्रक परत न्यायचा म्हणून रात्रीच सगळे माघारी फिरले. "तळं पाहिलं, पण पाणी दिसलं न्हाई. नुसतं चकाकलं अंधारात," असे ती आजही सांगते. ज्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी ओंजळीत घेतले आणि ज्या पाण्यावरचा हक्क मुंबई उच्च न्यायालयात शाबीत व्हायला १७ मार्च १९३७ उजाडावे लागले, ते पाणी तिने अंधारात पाहिले! म्हणून आमच्या बेतात महाडची सकाळ राखून ठेवली आहे. सहा वाजता, ऊन कोवळे असताना, तळ्याच्या काठी. तिथून क्रांतिस्तंभ. घाई नाही. त्या सकाळसाठी दुसरे काहीही लिहिलेले नाही.

तिसरा दिवस : महाड, मंडणगड, आंबडवे, दापोली. आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव, मंडणगड तालुक्यात. डोंगराच्या कुशीतले लहानसे गाव आहे. तिथे जाऊन आले की आपला माणूस केवढ्या आडवाटेवरून निघून कोठवर पोहोचला, हे मुलांना पुस्तकापेक्षा लवकर कळते. याच तालुक्यात किनाऱ्यावर वेळास आहे. समुद्री कासवांची पिल्ले पाहायची असतील तर तिथे मार्च-एप्रिलमध्ये जावे. मे सरताना ती दिसत नाहीत, म्हणून मुलांना तसे आधीच सांगून ठेवले आहे. संध्याकाळी दापोली, कोकण कृषी विद्यापीठाचे गाव.

चौथा दिवस समुद्राचा. हर्णै बंदरात मासळीचा लिलाव चालतो, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा असतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. त्यामुळे मेच्या शेवटी कोळी बांधवांची होड्या ओढून घेण्याची आणि जाळी सुकवण्याची लगबग चालू होते. समुद्रही या दिवसांत खवळू लागतो. पाण्यात घोट्याच्या वर कोणी जायचे नाही, हे थोरल्या मुलाकडून आम्ही वदवून घेतले आहे. आईने समुद्र दादरला गर्दीत उभ्याने पाहिला आहे, काठावर निवांत बसून कधी नाही. तिच्यासाठी घडीची खुर्ची गाडीत टाकायची. दुपारनंतर दाभोळ. तिथून खाडीपलीकडे धोपावेला जाणारी फेरीबोट गाडीसकट माणसे नेते, त्यामुळे मोठा वळसा वाचतो. फेरीच्या वेळा निघण्याच्या आदल्या दिवशी विचारून घ्याव्यात. पुढे गुहागर आणि मुक्कामाला चिपळूण.

पाचवा दिवस : कुंभार्ली घाट चढून कोयनानगर, पाटण, कराड आणि पुणे. हा सर्वांत लांबचा पल्ला, सुमारे अडीचशे किलोमीटर. म्हणून पहाटेच निघायचे. कोयनेचे रान २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. आत जायचे तर वन खात्याची परवानगी आणि त्यांचे नियम. आम्ही रस्त्यावरूनच ते रान आणि शिवसागराचे पाणी पाहणार आहोत. वाघ दिसेल का, असे धाकटीने विचारले. आपल्याला दिसला नाही तरी आपण त्याला दिसू, असे आईने तिला सांगितले.

मुक्काम आणि माणसे

राहण्याच्या जागा आधी ठरवल्याखेरीज निघू नये. किनाऱ्यावरच्या एका गावी घरगुती राहण्याची सोय आहे असे कळले, म्हणून फोन केला. दिवस विचारले, माणसे विचारली, मग आडनाव विचारले. आम्ही सांगितले. "काय म्हणालात?" म्हणून पुन्हा विचारले. पुन्हा सांगितले. मग 'त्या दिवशी जागा नाही' असे उत्तर आले. आम्ही फोन ठेवला. मुले शेजारीच बसली होती. थोरल्याने विचारले, "जागा नव्हती तर आधी दिवस कशाला विचारले?" या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्याला दिले, सविस्तर दिले. ते त्याला घरातच कळलेले बरे.

त्यानंतर दुसरीकडे फोन केला. तिथल्या बाईंनी एकच गोष्ट विचारली, "आजींना खाट हवी की खाली चालेल?" आमची जागा तिथे ठरली. माणसे दोन्ही प्रकारची असतात, एका फोनवरून बेत मोडू नये, एवढेच सांगायचे आहे.

आणखी एक गोष्ट. गाडीचा चालकही आपल्याबरोबरचा माणूस आहे. त्याचे जेवण, झोपायची जागा आणि भत्ता हा खर्चाच्या कागदावर पहिल्या ओळीत असावा. तो आपल्याच पंगतीला बसेल आणि रात्री पुरता झोपेल, तर घाटात आपला जीव त्याच्या हाती सुरक्षित राहील.

शेवटची नोंद : मसूर

बेत पुरा झाला असे वाटले तेव्हा आम्ही तो मुलांना वाचून दाखवला. त्या ओघात बाबासाहेबांच्या बालपणीच्या एका प्रवासाची गोष्ट निघाली. १९०१ साली उन्हाळ्याच्या सुट्टीत साताऱ्याहून ते भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला निघाले. वडील खटाव तालुक्यातील गोरेगावला नोकरीस होते. नवे कपडे शिवले, पत्र पाठवले, आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरले. पण पत्र नोकराने वडिलांना दिलेच नव्हते, त्यामुळे घ्यायला कोणी आले नाही. जात कळल्यावर गाडीवानांनी नकार दिला. अखेर दुप्पट भाडे देऊन एक जण कबूल झाला, तोही अशा अटीवर की बैलगाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. बरोबर शिदोरी भरपूर होती, पण रात्रभर त्या मुलांना प्यायला पाणी मिळाले नाही. पाणी नाही म्हणून अन्न तसेच राहिले.

घरात थोडा वेळ कोणी बोलले नाही. तोही सुट्टीतलाच प्रवास होता आणि हौसेने आखलेला होता. मग धाकटीने विचारले, "मसूर आपल्या वाटेवर आहे का?" नकाशा काढला. कराडहून साताऱ्याकडे येताना महामार्ग सोडून थोडे आत गेले की मसूर लागते. तिने पेन्सिल घेतली आणि पाचव्या दिवसाखाली लिहिले, 'मसूर स्टेशन. थांबायचे. पाणी प्यायचे.' आईने कागद हातात घेतला, तिला अक्षर लागत नाही, तरी बोट ठेवून म्हणाली, "हितं काय लिवलं?" धाकटीने वाचून दाखवले. आईने मान हलवली आणि म्हणाली, "तांब्या मी घेते."

वाचकहो, आपल्याही घरात असा एखादा बेत ट्रंकेत पडून असेल. पाच दिवसांचा नसेल तर दोन दिवसांचा करा, गाडी परवडत नसेल तर एस.टी.ने जा. पण घरातले सर्वांत थकलेले पाऊल कोणाचे आहे ते आधी पाहा आणि त्याच्या चालीने वाट आखा. तारीख पावसाच्या आधीची धरा. आणि ती यंदाचीच धरा.