खिशातील जुगारघर आणि त्याचा हिशेब

पेडणे तालुक्यात कॅसिनो यावा की येऊ नये, या प्रश्नावर गेल्या काही वर्षांत पुष्कळ बोलले गेले. कोणी रोजगाराची बाजू मांडली, कोणी गावाच्या वळणाची काळजी बोलून दाखविली. तो वाद आपल्या ठिकाणी योग्यच आहे. परंतु हा वाद चालू असता एक गोष्ट आपल्या ध्यानात आली नाही. कॅसिनो पार्से गावात केव्हाच येऊन पोचला आहे. त्याला जमीन लागली नाही, पंचायतीचा परवाना लागला नाही, दारावर पाटीही लागली नाही. आपल्या मुलाबाळांच्या खिशातील मोबाईलमध्ये तो येऊन बसला आहे.

या स्मरणिकेचे वाचक म्हणजे आपली सभासद मंडळी व त्यांची कुटुंबे. त्यांना उपदेश करावा असा या लेखाचा हेतू नाही. जुगार वाईट हे सांगावयास लेख नको; ते घरोघरीच्या आजीला ठाऊक आहे. हे नवे यंत्र चालते कसे, पैसा जातो कोठे आणि शहाणासुरता माणूस त्यात अडकतो का, एवढे समजावून सांगावे, इतकाच उद्देश आहे.

गेलेला उंबरठा

गोव्यात जुगारास बंदी करणारा कायदा १९७६ सालचा. त्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत नाण्यांच्या यंत्रांना मुभा मिळाली आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवरील खेळांना वाट मोकळी झाली. मांडवीतील रोषणाई केलेली जहाजे पणजीस जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिली आहेत. पुढे १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत खेळण्यास सरकारने मनाई केली.

आता त्या जहाजावर जाणाऱ्या माणसाचा प्रवास पाहा. पार्से गावातून म्हापसा, म्हापशाहून पणजी, तेथे धक्का, धक्क्यावरून होडी, मग प्रवेशाचे पैसे. वाटेत चार ओळखीची माणसे भेटणार. घरी उशीर झाला तर कोणी तरी विचारणार. यांतली प्रत्येक पायरी म्हणजे एक उंबरठा होता, आणि प्रत्येक उंबरठ्यावर मागे फिरण्याची संधी होती. जत्रेतल्या जुगाराच्या पटालाही निदान एक मर्यादा असे. जत्रा उलगली की पट गुंडाळला जाई.

मोबाईलने हे सगळे उंबरठे काढून टाकले. रात्री दोन वाजता, अंथरुणात पडल्या पडल्या, शेजारी निजलेल्या माणसालाही न कळता खेळता येते. ज्या गोमंतकीयास जहाजाच्या दारात अडविले जाते, त्याला फोनच्या दारात अडविणारा कोणी नाही.

ब्राउझरची मागची वाट

ब्राउझर म्हणजे इंटरनेटवरील पाने उघडून दाखविणारी फोनमधील खिडकी. आपण दहावीचा निकाल पाहतो, विजेचे बिल भरतो, ते याच खिडकीतून. पूर्वी असे हलते-चालते खेळ पानावर दाखविण्यास ‘फ्लॅश’ नावाची वेगळी सामग्री लागे आणि ती बहुतेक मोबाईलवर चालत नसे. एचटीएमएल-५ ही पाने रचण्याची नवी पद्धत २०१४ साली प्रमाण म्हणून मान्य झाली आणि खेळाचे पान कोणत्याही फोनवर जसेच्या तसे उघडू लागले.

फोनमधील ॲपच्या दुकानात निदान काही तपासणी असते. ब्राउझरला तसा दरवान नाही. व्हॉट्सॲपवर किंवा टेलिग्रामवर एक दुवा येतो, बोट लावले की पान उघडते. सरकारने एक पत्ता बंद केला की नावातले एखादे अक्षर बदलून दुसरा उभा राहतो. यांतील पुष्कळ जुगारघरे कॅरिबियन समुद्रातील कुरासाव बेटासारख्या दूरच्या ठिकाणचा परवाना दाखवितात. अँटिग्वा बेटाने तर १९९४ सालीच असा धंदा करू देणारा कायदा केला होता. तेव्हा पैसे बुडाले तर दाद मागावयाची ती कोणाकडे?

आणखी एक भ्रम येथेच दूर केलेला बरा. पडद्यावर चाक फिरते, पत्ते वाटले जातात, चित्रे धावतात. पण अशा चित्रांच्या खेळांत जय-पराजय त्या चित्रांत ठरत नाही. दूर कोठे तरी असलेल्या संगणकात एक आकडा निघतो आणि त्याच क्षणी निकाल लागतो. पुढचे चाक फिरणे म्हणजे लागलेल्या निकालाचे नाटक. बटण हळू दाबले काय किंवा देवाचे नाव घेऊन दाबले काय, आकडा बदलत नाही. मागच्या आकड्याची पुढच्याला आठवणही नसते. म्हणून ‘दहादा हरलो, आता येणारच’ हे म्हणणे निराधार आहे.

सदतीस घरे, छत्तीस रुपये

रूलेट नावाच्या चाकाचे उदाहरण घेऊ. युरोपीय चाकावर शून्य ते छत्तीस अशी ३७ घरे असतात. आपण प्रत्येक घरावर एक एक रुपया लावला, तर ३७ रुपये लागले. एक घर हमखास येणार. त्याचे परत मिळतात ३६ रुपये. एक रुपया मालकाचा. अमेरिकन चाकावर आणखी एक शून्य असते; तेथे ३८ लावून ३६ मिळतात. यात लबाडी कोणतीच नाही. लबाडीची गरजच नाही. शकुनीला फासे आपल्या मर्जीने पाडावे लागले. येथे फासे अगदी सचोटीने पडले तरी घर मालकाचेच भरते.

चित्रे जुळविण्याच्या खेळांत ‘शंभरातले ९६ परत’ असे अभिमानाने लिहिलेले आढळते. वाचणाऱ्यास वाटते, हजार भरले तर फार तर चाळीस जातील. गोम अशी की हे प्रमाण भरलेल्या रकमेवर नसून लावलेल्या प्रत्येक डावावर आहे. हजार रुपये एकदा खेळून झाले की सरासरीने ९६० उरतात. तेच पुन्हा लावले की ९२१, पुन्हा लावले की ८८४. अशी सतरा आवर्तने झाली म्हणजे हजाराचे पाचशे होतात. दहा रुपयांचा डाव आणि मिनिटास दहा डाव धरले, तर तासाभरात सहा हजारांचे डाव लागतात. त्यावर चार टक्के म्हणजे दोनशे चाळीस रुपये. एखाद्या दिवशी माणूस जिंकून उठतो, हे खरे. पण जितके अधिक खेळावे, तितका हिशेब या सरासरीकडे ओढला जातो.

अलीकडे तरुणांत विमान उडविण्याचा एक खेळ फार चालतो. विमान वर चढते तसा पैशाचा गुणाकार वाढतो. ते नाहीसे होण्यापूर्वी पैसे काढून घ्यावयाचे. वाटते, हे तर आपल्या हातात आहे! पण मालक शंभरास तीन रुपये ठेवीत असेल, तर विमान दुपटीपर्यंत पोचण्याची शक्यता शंभरात साडेअठ्ठेचाळीस, आणि दहापटीपर्यंत पोचण्याची शंभरात दहाहूनही थोडी कमी. पैसे लवकर काढा की उशिरा, तीन रुपये सुटत नाहीत.

स्वागताच्या देणगीचीही तीच गत. ‘हजार भरा, हजार आमच्याकडून फुकट’ अशी जाहिरात असते. खाली बारीक अक्षरांत अट असते की, देणगीच्या तीसपट रकमेचे डाव लावल्याखेरीज पैसे काढता येणार नाहीत. तीसपट म्हणजे तीस हजार. त्यावर चार टक्के म्हणजे बाराशे. हजार फुकट मिळविण्यासाठी बाराशे मोजावयाचे! शिवाय निव्वळ ठकांची पाने वेगळीच. तेथे जिंकल्याचे आकडे दिसतात, पण पैसे मागताच ‘आधी कर भरा’ असा निरोप येतो. तो कर भरला की दुसरा.

मन का अडकते

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले. टोच मारल्यावर दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसला, म्हणजे कबूतर सर्वांत चिकाटीने टोचीत राहते, असे दिसून आले. हमखास मिळणाऱ्या दाण्यापेक्षा बेभरवशाच्या दाण्याची ओढ अधिक. तीन चित्रांपैकी दोन जुळून तिसरे हुकले की मनाला ती हार वाटत नाही, जिंकण्याच्या जवळ आल्यासारखे वाटते. त्यातून यूपीआयमुळे पैसा हातात न येताच जातो. पाचशेची नोट मोडताना हात जसा अडखळतो, तसा चार आकडी गुप्त क्रमांक दाबताना अडखळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने जुगाराच्या अनावर ओढीचा समावेश आजारांच्या यादीत केला आहे. ‘पोरगा वाया गेला’ म्हणण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

एका घरातील वही

माझ्या नात्यातील एका घरची हकीकत, घरच्यांच्या संमतीने, नावे वगळून सांगतो. मुलगा किनाऱ्यावरच्या हॉटेलात नोकरीस, स्वभावाने शांत, पान-तंबाखूचेही व्यसन नाही. पहिल्या आठवड्यात दोन हजारांचे सहा झाले. मग गेले. गेलेले परत मिळविण्यासाठी आणखी भरले, फोनवरून झटपट मिळणारे कर्ज काढले आणि शेवटी आईच्या पाटल्या गहाण पडल्या. घरात कळले ते कर्जवसुलीचे फोन येऊ लागले तेव्हा.

वडिलांनी त्या रात्री हात उगारला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी बँकेतून खात्याचा उतारा आणला, काजूच्या हिशेबाची जुनी वही घेतली आणि मुलाला शेजारी बसवून एकेक नोंद लिहावयास लावली. एका बाजूस गेलेले, दुसऱ्या बाजूस आलेले. मुलाची समजूत होती की तीस-चाळीस हजार गेले असतील. वहीची चौथी बाजू भरली तेव्हा बेरीज दीड लाखाच्या पुढे गेली. मुलगा बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिला आणि मग प्रथमच रडला. ‘मला वाटलं, मी बरोबरीला येत चाललोय,’ एवढेच तो म्हणाला. कर्ज अजून फिटावयाचे आहे. पण त्या दिवसापासून ते घराचे कर्ज झाले, त्याचे एकट्याचे राहिले नाही.

कायदा आणि घर

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ, मग ते नशिबाचे असोत वा कौशल्याचे, त्याने निषिद्ध ठरविले. असा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व पन्नास लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. खेळणाऱ्यास मात्र त्या कायद्याने शिक्षा सांगितलेली नाही; त्याला बळी पडलेला मानले आहे. परंतु एक धोक्याची सूचना द्यावीशी वाटते. ‘तुझे बँकखाते वापरावयास दे, महिन्याला पैसे देतो’ असे कोणी म्हणाल्यास मुळीच ऐकू नये. अशा भाड्याच्या खात्यांतूनच हा पैसा फिरविला जातो आणि पोलीस प्रथम खातेदाराच्या दारात येतात.

घरच्यांनी काय करावे? प्रथम आरडाओरडा टाळावा. लाजेने माणूस लपवितो आणि लपविण्यासाठी पुन्हा खेळतो. खात्याचा पूर्ण उतारा काढून हिशेब मांडावा. पगाराचे खाते काही काळ घरातील दुसऱ्या माणसाच्या नजरेखाली ठेवावे आणि यूपीआयची दैनिक मर्यादा कमी करून घ्यावी. ब्राउझरमध्ये साठविलेले गुप्त शब्द व सूचनांच्या परवानग्या पुसून टाकाव्यात. जुने कर्ज फेडण्यास पैसे द्यावयाचे तर मुलाच्या हाती न देता सरळ सावकारास द्यावेत. फसवणूक झाली असल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. मन थाऱ्यावर नसेल तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो; बांबोळी येथील मानसोपचार संस्थाही आपल्यापासून फार दूर नाही. तेथे जाण्यात कमीपणा मानू नये.

शेवटी आपल्या सर्वांच्या परिचयाची एक कथा. द्यूतात राज्य गमावलेल्या नळाच्या अंगात कली शिरला होता. तो बाहेर पडला केव्हा? ऋतुपर्ण राजाने वाटेतल्या बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे क्षणात मोजून दाखविली आणि ती मोजण्याची विद्या नळाला दिली, तेव्हा. ज्या बेहड्याच्या फळांचे प्राचीन काळी फासे करीत, त्याच झाडाखाली मोजणी शिकलेल्या माणसाला कलीने सोडले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आपल्या घरांतही कोणास या खेळाने धरले असेल, तर शिव्याशापांआधी वही उघडावी, आणि ती दोघांनी मिळून उघडावी.