न विकलेली जॅग्वार

२०१०च्या पॅरिस मोटर शोमध्ये जॅग्वारने आपल्या पंचाहत्तरीनिमित्त सी-एक्स७५ मांडली. डिझायनर इयान कॅलम यांच्या हाताखाली घडलेली ती बुटकी, रुंद गाडी देखणी होतीच, पण खरी नवलाई आत होती. चारही चाकांना स्वतंत्र विद्युत मोटर, मिळून सुमारे ७८० अश्वशक्ती, आणि बॅटरी उतरली की ती भरायला ब्लेडन जेट्स या कंपनीच्या दोन चिमुकल्या गॅस टर्बाइन. मे २०११मध्ये जाहीर झालं, की फॉर्म्युला वनच्या विल्यम्सबरोबर अशा जास्तीत जास्त २५० गाड्या बांधणार. डिसेंबर २०१२मध्ये जाहीर झालं, की बांधणार नाही. कारण सांगितलं गेलं ते आर्थिक मंदीचं.

हे कारण खोटं नाही, पण अपुरं आहे. मंदी काही एकट्या जॅग्वारला नव्हती. २०१३मध्येच मॅक्लॅरेनची पी१, फेरारीची लाफेरारी आणि पोर्शची ९१८ या तीन हायब्रिड महागाड्या बाजारात येऊ लागल्या आणि तिन्हींना गिऱ्हाईक मिळालं. मग जॅग्वारनेच कच का खाल्ली? माझ्या मते उत्तर कंपनीच्याच जुन्या खातेवहीत आहे. १९८८मध्ये तिने एक्सजे२२० दाखवली होती ती बारा सिलिंडरची, चारही चाकांना ताकद देणारी. लोकांनी अनामत रकमा भरल्या. १९९२मध्ये हाती आली तेव्हा तिच्यात सहा सिलिंडर होते, ताकद फक्त मागच्या चाकांना होती आणि किंमत चढलेली होती. मधल्या काळात मंदीही येऊन गेली. गाडी वेगात कमी नव्हती, तरी कित्येकांनी पाठ फिरवली, प्रकरण कोर्टात गेलं आणि तीनशेचा आकडाही गाठला गेला नाही.

सी-एक्स७५ त्याच वाटेने निघाली होती. विक्रीच्या गाडीसाठी टर्बाइन केव्हाच बाजूला पडल्या होत्या आणि त्यांच्या जागी १.६ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आलं होतं. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ते कमी अचाट नव्हतं: सुमारे ५०० अश्वशक्ती आणि मिनिटाला दहा हजार फेरे! पण सात-नऊ लाख पौंड मोजणाऱ्याला टर्बाइन दाखवून चार सिलिंडर द्यायचे, हा सौदा एक्सजे२२०ची आठवण असलेल्या कंपनीला जड जाणारच.

चालते नमुने तयार होते, खर्च झालाच होता, मग शेवटचं पाऊल का टाकलं नाही, असा आक्षेप घेता येईल. पण झालेला खर्च हे पुढच्या खर्चाचं समर्थन होत नाही. फेरारीचा सगळा संसारच महागड्या गाड्यांवर चालतो. उलट, २००८पासून टाटांच्या मालकीच्या जॅग्वारला त्याच पैशातून एफ-टाइप आणि एक्सई या गाड्या आणि वुल्व्हरहॅम्प्टनचा इंजिन कारखाना उभा करायचा होता. अडीचशे गाड्यांचा मान त्यापुढे गौण होता.

राहिला प्रश्न गाडीच्या मोहाचा. २०१५च्या ‘स्पेक्टर’ या बाँडपटात रोमच्या गल्ल्यांतून धावली ती सी-एक्स७५ विल्यम्सने स्टंटसाठी बांधलेली होती, आठ सिलिंडरच्या साध्या पेट्रोल इंजिनावर. पुढे कॅलम यांच्याच कंपनीने अशी एक स्टंट गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी करून दिली. तिच्यात ना टर्बाइन, ना बॅटरी. मूळच्या कल्पनेतलं उरलं होतं ते फक्त रूप.