आधी कुणगा पाहावा, मग रोटाव्हेटर घ्यावा

मृगाला चार-आठ दिवस राहिले, की मालवण तालुक्यातल्या घरांच्या पडव्यांवर एकच बोलणे चालू असते : यंदा चिखलणी कोण करणार? पूर्वी असा प्रश्न कुणाला पडत नसे. गोठ्यात बैलजोडी असायची. पाऊस स्थिरावला की जोत बांधायचे आणि मळ्यात उतरायचे. पण बैल पोसायचे बारा महिने आणि जुंपायचे महिनाभर, हा हिशोब हळूहळू जमेनासा झाला. मुले मुंबईला गेली, गुरे राखायला माणूस उरला नाही आणि बैलांच्या जागी पॉवर टिलर आणि छोटे ट्रॅक्टर आले.

या छोट्या ट्रॅक्टरांविषयी सगळे हौसेने बोलतात. कंपनी कुठली, अश्वशक्ती किती, हप्ता किती. मागे जोडायच्या अवजाराचा विषय मात्र शेवटच्या पाच मिनिटांत उरकला जातो. खरे तर ट्रॅक्टर म्हणजे नुसती बैलजोडी. मातीशी गाठ पडते ती अवजाराची. हा धडा आमच्या घराने जरा महागात घेतला, म्हणून तो सांगावासा वाटतो.

२०२० साली करोनामुळे माझे दोघे चुलतभाऊ मुंबईहून घरी आले. आमचे थोरले काका तेव्हा पंचाहत्तरीच्या घरात होते. शेवटची बैलजोडी त्यांनी आदल्याच वर्षी विकली होती आणि एकरभर भातशेती पडीक राहिली होती. कोकणात एका घराची शेती पडीक राहिली की ते दुःख त्या घरापुरते राहत नाही. मेर फुटते, वरच्या कुणग्याचे पाणी खाली धावते, तण माजते, डुकरांना लपायला जागा होते. खालच्या अंगाला शेजारच्या काकींचे सहा गुंठे होते. आमची मेर फुटल्यावर त्यांच्याही शेतात पाणी ठरेना.

भावांनी ठरवले, शेती उभी करायची. २०२१ च्या मे महिन्यात अठरा अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर दारात आला. सोबत ४ फुटी रोटाव्हेटर. दुकानदार म्हणाला होता, ‘मोठा घ्या, काम लवकर होईल.’ ऐकायला बरे वाटले. हार घातला, नारळ फोडला, फोटो काढले.

जुलै उजाडला. तरवा लावणीला आला. ट्रॅक्टर पाणंदीत शिरला आणि अडकला! दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, मध्ये जेमतेम चार फूट वाट. ट्रॅक्टर अरुंद, तो सहज गेला. पण ४ फुटी रोटाव्हेटरचे ४ फूट म्हणजे फक्त पात्यांची रुंदी. बाजूची पेटी धरून ते धूड त्याहून रुंद भरते. काका मेरेवर उभे राहून शांतपणे म्हणाले, ‘झिला, कपाट इकत घेतलंस, पण दाराची रुंदी मोजूक नाय.’

शेवटी रोटाव्हेटर सुटा करून सहा जणांनी बांबूवर उचलून नेला. कुणग्यात उतरल्यावर दुसरी अडचण. चिखलात पाती रुतली की इंजिन धापा टाकी आणि बंद पडे. रबरी चाके जागच्या जागी फिरत. तिसऱ्या दिवशी पात्याखाली जांभ्याचा दगड आला आणि दोन पाती मोडली. रोटाव्हेटर बदलून ३ फुटी आणेपर्यंत जुलै संपत आला. पंचवीस दिवसांचा लावायचा तरवा चाळीस दिवसांचा होऊन लागला. रोप जून झाले की त्याला फुटवे कमी येतात, हे कोकणातल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. त्या वर्षी घरचा तांदूळ शिमग्यापर्यंतही पुरला नाही.

दोन आर्थर

माझी मामेबहीण कॅनडात असते. तिला फोनवर ही हकिकत सांगितली तर ती हसत सुटली. म्हणाली, ‘अरे, आमच्याकडेही हेच झालं, फक्त चिखलाऐवजी बर्फ होतं!’ तिच्या यजमानांनी घरापुढचा लांब रस्ता साफ करायला छोटा ट्रॅक्टर घेतला होता आणि त्याला बर्फ उडवायचे यंत्र, म्हणजे स्नो ब्लोअर, जोडायचा होता. तिथेही तेच प्रश्न. यंत्र ट्रॅक्टरच्या चाकांइतके तरी रुंद हवे, नाहीतर साफ न झालेल्या बर्फावरच चाक चढते. पण फार रुंद घेतले तर ओल्या, जड बर्फात इंजिन दम टाकते. शिवाय यंत्र मागे जोडायचे असेल तर मान वळवून उलटे जावे लागते आणि पुढे जोडायचे असेल तर खर्च वाढतो. शेजाऱ्याने सहा फुटी घेतला म्हणून आपण घेऊन चालत नाही.

योगायोग असा की या दोन्ही यंत्रांच्या मुळाशी आर्थर नावाचे गृहस्थ आहेत. कॅनडातल्या क्वेबेकच्या आर्थर सिकार्ड यांनी १९२५ मध्ये बर्फ उडवणारे यंत्र तयार केले. त्याआधी १९१२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या शेतकऱ्याच्या मुलाने वडिलांच्या वाफेच्या ट्रॅक्टरला फिरती पाती जोडून माती भुसभुशीत करून पाहिली. तोच आजच्या रोटाव्हेटरचा पूर्वज. दोन्ही यंत्रांचे तत्त्व एकच : ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावरून शक्ती घ्यायची आणि समोर येईल ते कापून बाजूला फेकायचे. हा दांडा, ज्याला सगळे पीटीओ म्हणतात, साधारणतः मिनिटाला ५४० फेरे घेतो. कॅनडातला बर्फ असो की मालवणातला चिखल, दांड्याला त्याचे काही नसते. फरक पाहायचा तो माणसाने.

मोजपट्टी घेऊन मळ्यात

तेव्हा दुकानात जाण्याआधी एक दिवस मोजपट्टी घेऊन मळ्यात जावे.

पहिली मोजावी ती वाट. पाणंदीची सर्वांत अरुंद जागा, गडग्यातली खिंड, व्हाळावरचा साकव. अवजाराची बाहेरून बाहेर रुंदी विचारावी आणि ती वाटेपेक्षा वीतभर तरी कमी असावी. उलट बाजूने, ती ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडांपेक्षा कमी नको, नाहीतर नांगरलेल्या मातीवर चाकाचा चर पडत जातो.

दुसरा मोजावा कुणगा. दोन गुंठ्यांचा कुणगा म्हणजे २१७८ चौरस फूट, समजा ३३ फूट रुंद आणि ६६ फूट लांब. ट्रॅक्टरला मागचे अवजार धरून वळायला दोन्ही टोकांना दहा-दहा फूट लागले, तर ६६ पैकी २० फूट वळण्यातच गेले! देशावरच्या दहा एकरांच्या पट्ट्यात हे जाणवत नाही. आपल्याकडे जाणवते. म्हणून कुणगे लहान आणि पायऱ्यापायऱ्यांचे असतील, तर ट्रॅक्टरचा हट्ट सोडून १२-१३ अश्वशक्तीचा पॉवर टिलर पाहावा. माणूस मागून चालतो, यंत्र जागच्या जागी वळते आणि दोन फळ्या टाकून मेरेवरून उतरवता येते.

तिसरी पाहावी शक्ती. इंजिनावर लिहिलेली अश्वशक्ती सगळीच्या सगळी मागच्या दांड्यापर्यंत पोचत नाही. ढोबळ हिशोब असा की ३ फुटी रोटाव्हेटरला १५ ते २० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर पुरतो, ४ फुटीला २५-३० लागते. आमच्या भावांनी नेमके हेच उलटे केले होते.

चौथा पाहावा चिखल. चिखलणीसाठी रबरी चाकांच्या जोडीला लोखंडी जाळीची चाके, म्हणजे केज व्हील, हवीत. ती डांबरी रस्त्यावर चालवायची नसतात, त्यामुळे मळ्याच्या तोंडाशी चढवायची आणि तिथेच उतरवायची. पात्यांचे आकारही निरनिराळे असतात. ‘एल’ आकाराची पाती सर्वसाधारण कामाला आणि तणाला चालतात, तर ओल्या, चिकट मातीला ‘सी’ किंवा ‘जे’ आकाराची वळणदार पाती बरी पडतात. आणि जांभ्याच्या प्रदेशात जादा पाती आणि बोल्ट घरात असलेच पाहिजेत. दगड लागला की स्वतः तुटून पेटी वाचवणारा बोल्ट किंवा घसरणारा क्लच यंत्राला आहे ना, हे विचारून घ्यावे. बर्फाच्या यंत्रातही असाच बोल्ट असतो. चार रुपयांची वस्तू तुटावी, चाळीस हजारांची वाचावी, असा तो साधा विचार.

खोलीचा मोह मात्र टाळावा. भाताच्या चिखलणीला चार-पाच इंच पुरे. वर्षानुवर्षांच्या जोताने खाली जो घट्ट थर बसलेला असतो, तोच पाणी धरून ठेवतो. यंत्राच्या जोरावर तो फोडला की कुणगा गळायला लागतो. काका म्हणत, ‘बैलाक मेर कळता, इंजनाक कळना नाय.’ इंजिनाला कळत नाही ते चालवणाऱ्याला कळायला हवे.

हाताला जपा

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी वाचावी. पात्यांत गवत किंवा दोरी अडकली तर इंजिन बंद करून, पाती पूर्ण थांबल्यावरच, काठीने किंवा कोयत्याने काढावी. कॅनडातली बहीण सांगते, तिथेही अडकलेले बर्फ हाताने काढायला जाऊन माणसे बोटे गमावतात. दांड्यावरचे झाकण काढून टाकू नये. धोतर, पदर, ओढणी त्याच्या जवळ येऊ देऊ नये. पॉवर टिलर तीव्र उतारावर नेताना बाजूचा क्लच दाबला तर यंत्र कधी कधी उलट्या दिशेला वळते, हे नवशिक्याला आधी सांगावे. आणि मुले कितीही हट्ट करोत, त्यांना रोटाव्हेटरवर बसवू नये.

राहिला पैशाचा प्रश्न. केंद्राची कृषी यांत्रिकीकरणाची योजना २०१४-१५ पासून आली. तीत लहान आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांना, महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के, ठरलेल्या मर्यादेत, असे अनुदान ठेवले गेले. खरेदीआधी कृषी कार्यालयात चालू नियम विचारून मंजुरी घ्यावी. आधी खरेदी करून मग अर्ज करणाऱ्याच्या पदरी निराशा येते. पण अनुदानापेक्षा मोठी बचत दुसरीच आहे. एकरभर शेतीला हे यंत्र वर्षातून आठवडाभरही पुरते चालत नाही. उरलेले दिवस ते पडवीत झाकलेलेच. मग चार घरांनी मिळून एकच का घेऊ नये?

आमच्याकडे शेवटी तसेच झाले. ३ फुटी रोटाव्हेटर मोठ्या कुणग्यांना, आणि पायऱ्यांच्या कुणग्यांसाठी चार घरांत मिळून एक पॉवर टिलर. डिझेल ज्याचे त्याने घालायचे, दुरुस्ती वाटून घ्यायची, वही काकींकडे. २०२२ च्या जुलैत त्यांच्या सहा गुंठ्यांत पुन्हा लावणी झाली. मेर आम्ही आधीच बांधून दिली होती.

त्या दिवशी काका छत्री घेऊन मेरेवर बसले होते. टिलर सगळीकडे फिरला, पण कुणग्याचे चारही कोपरे तसेच राहिले. भाऊ यंत्र पुन्हा पुन्हा मागे-पुढे करू लागला, तेव्हा काकांनी त्याला हाताने थांबवले आणि घरातून कुदळ आणायला सांगितली. बैलांच्या वेळीही कोपरे कुदळीनेच होत असत.