गोगलगाईंचे शंख का झिजले?

कोकणातील एका शाळेत आम्ही एक काचपेटी तयार केली होती. तळाशी धुतलेली वाळू, तीत हायड्रिला आणि व्हॅलिसनेरिया या पाणवनस्पती, आणि जवळच्या तळ्यातून आणलेल्या दहा-बारा गोगलगाई. ‘पाणी जितके शुद्ध तितके चांगले’ असे समजून पागोळ्यांखाली धरलेले पावसाचे पाणी वापरा, असा सल्ला मीच दिला होता. वनस्पती छान वाढल्या. पण दोन महिन्यांत शंखांच्या टोकांवर पांढरे खड्डे पडले आणि गोगलगाई एकेक करून मरू लागल्या.

पाणी आम्लधर्मी झाले असावे म्हणून दुपारी तीन वाजता सामू मोजला. तो ८ भरला! म्हणजे आम्लाचा दोष नाही, असे मी ठरवून टाकले. ही माझी दुसरी चूक. एका विद्यार्थिनीने सकाळी शाळा भरताना पुन्हा मोजला, तेव्हा तो जेमतेम ६ होता. एकाच पेटीतील पाणी सकाळी आम्लधर्मी आणि दुपारी अल्कधर्मी कसे?

दिवस आणि रात्र

वनस्पती आणि गोगलगाई रात्रंदिवस श्वसन करतात आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात. हा वायू पाण्यात विरघळला की सौम्य कार्बोनिक आम्ल तयार होते. दिवसा प्रकाशसंश्लेषणासाठी वनस्पती हाच वायू वापरून टाकतात, त्यामुळे आम्ल कमी होऊन सामू चढतो. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते, श्वसन चालूच राहते आणि सामू उतरतो. पहाटे तो सर्वांत कमी असतो. सामूत एकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहापट फरक, हे लक्षात घेतले तर ८ वरून ६ वर येणे किती मोठे आहे ते कळेल.

गोगलगाईचा शंख मुख्यतः कॅल्शिअम कार्बोनेटचा असतो. त्यावर सेंद्रिय पदार्थाचे पातळ संरक्षक आवरण असते. शंखाचे टोक हा त्याचा सर्वांत जुना भाग. तेथील आवरण घासून गेले की पुढील क्रिया सुरू होते :

कॅल्शिअम कार्बोनेट + पाणी + कार्बन डायऑक्साइड ⇌ कॅल्शिअम बायकार्बोनेट

कार्बन डायऑक्साइड वाढला की क्रिया उजवीकडे जाते आणि शंख विरघळतो. तो कमी झाला की क्रिया डावीकडे जाते. घाटावरील जड पाण्यात हायड्रिलाच्या पानांवर जो पांढरा खरखरीत थर दिसतो, तो याच उलट्या क्रियेतून आलेला असतो.

पाण्यातील साठा

जड पाण्यात मात्र सामू एवढा हेलकावत नाही. त्यातील बायकार्बोनेट येणाऱ्या आम्लाला सामावून घेते. या क्षमतेला अल्कता म्हणतात. सामू म्हणजे आज हाती असलेली रोकड, तर अल्कता म्हणजे पेढीतील ठेव. पावसाच्या पाण्यात ही ठेव जवळजवळ शून्य. कोकणातील जांभ्या दगडातूनही चुना फार पूर्वीच धुऊन गेलेला असल्याने तेथील विहिरींचे पाणीसुद्धा बहुधा सुफेनच असते.

जी थोडी ठेव असते, तीही हळूहळू खर्च होते. विष्ठा आणि कुजणारी पाने यांपासून अमोनिया तयार होतो. जीवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये व मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्रेट वनस्पतींना उपयोगी पडते, पण या रूपांतरात आम्ल तयार होते. अमोनियातील १ ग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे ७ ग्रॅम कॅल्शिअम कार्बोनेटइतकी अल्कता संपते. म्हणून स्वच्छ दिसणारे जुने पाणीही रासायनिकदृष्ट्या कंगाल झालेले असू शकते.

लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये केमिकल सोसायटीपुढे असाच एक प्रयोग मांडला होता. त्यांच्या भांड्यात सोनमासे आणि व्हॅलिसनेरिया होती. पाने कुजून पाणी खराब होऊ लागले, तेव्हा त्यांनी तळ्यातील गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाऊन टाकली आणि समतोल साधला. लंडनचे पाणी चुनखडीच्या प्रदेशातून येते आणि ते चांगलेच जड असते. शंखाची चिंता त्या पाण्यात करावी लागत नाही. आम्हाला करावी लागली.

उपाय

आम्ही तिसऱ्यांचे रिकामे शिंपले उकळून, घासून, फोडून पेटीत टाकले. अंड्यांची कवचे किंवा संगमरवराचे तुकडेही चालतात. या उपायाची गंमत अशी, की आम्लता वाढली की शिंपला जास्त विरघळतो आणि ती घटली की थांबतो. याशिवाय दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलू लागलो. काही आठवड्यांत सकाळचा सामू ७ च्या वर राहू लागला आणि शंखांच्या तोंडाशी गुळगुळीत नवी वाढ दिसली. जुने खड्डे मात्र भरून आले नाहीत.

काही गोष्टी टाळाव्यात. खायच्या सोड्याने अल्कता वाढते, पण कॅल्शिअम मिळत नाही. खायचा चुना तीव्र अल्कधर्मी असल्याने घातक ठरतो. तुरटीने पाणी निवळते, पण अल्कता घटते. तांब्याच्या भांड्यात साठवलेले पाणी वापरू नये. अल्प तांबेही गोगलगाईंना मारक असते. नळाचे पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवून क्लोरिन उडू द्यावा. उलट टोकही बरे नाही : सामू सतत ८ च्या बराच वर राहिला तर वनस्पतींना लोह मिळेनासे होते आणि नवी पाने पिवळी पडतात.

करून पाहा

दोन बरण्यांत पावसाचे पाणी आणि हायड्रिलाच्या सारख्या फांद्या घ्या. एकीत शिंपल्यांचा चुरा टाका. दोन्ही बरण्या खिडकीत ठेवा. आठवडाभर रोज सकाळी सातला आणि दुपारी तीनला वैश्विक दर्शकाने सामू मोजून आलेख काढा. कोणत्या बरणीतील रेषा जास्त वरखाली होते? तळ्यातील गोगलगाई आणताना विद्यार्थ्यांना पाण्यात उतरू देऊ नका; काही जातींच्या गोगलगाईंतून बाहेर पडणाऱ्या कृमींच्या डिंभांमुळे त्वचेला खाज सुटते. जाळी वापरा आणि नंतर साबणाने हात धुवा.

आणि एखादे मोजमाप ‘ठीक’ आले, तर ते किती वाजता घेतले होते, हेही विद्यार्थ्यांना विचारायला शिकवा. मला ते एका विद्यार्थिनीने शिकवले.