दोन भावंडे : पेनिसिलिन व अँपिसिलिन

रोगजंतूंचा नाश करणाऱ्या किंवा त्यांची वाढ रोखणाऱ्या काही औषधांस प्रतिजैविके म्हणतात. त्यांपैकी पेनिसिलिन हे वडील भावंड, तर अँपिसिलिन हे धाकटे. दोघांचे कूळ एक. परंतु गुण सर्वस्वी सारखे नाहीत.

१९२८ साली लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना जंतू वाढविलेल्या एका बशीत बुरशी आलेली दिसली. तिच्या सभोवारचे जंतू नाहीसे झाले होते. बुरशीतील त्या द्रव्यास त्यांनी पेनिसिलिन हे नाव दिले. पुढे ऑक्सफर्ड येथे फ्लोरी, चेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शुद्ध केले. १९४१ मध्ये मरणासन्न झालेल्या एका पोलिसास ते टोचण्यात आले. त्यास उतार पडू लागला. पण औषधाचा साठाच संपला आणि तो दगावला! पुढे कारखान्यांतून ते विपुल निघू लागले. १९५५ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथेही त्याचे उत्पादन सुरू झाले.

जंतूभोवती एक बळकट भिंत असते. ही दोन्ही औषधे ती भिंत बांधण्याच्या कामी अडथळा आणतात. मग वाढता जंतू फुटून मरतो. मनुष्याच्या पेशींना अशी भिंतच नसते. म्हणून त्या सुरक्षित राहतात.

मूळ पेनिसिलिन जठरातील आम्लाने बहुतांशी नाश पावते, म्हणून ते टोचावे लागते. शिवाय आतड्यांतील अनेक जंतूंवर त्याचा प्रभाव पडत नाही. १९६१ साली इंग्लंडमध्ये पेनिसिलिनच्या गाभ्यास नवी जोड देऊन बनविलेले अँपिसिलिन प्रचारात आले. ते आम्लात टिकते व अधिक प्रकारच्या जंतूंवर चालते. तथापि धाकटे ते श्रेष्ठच, असे मात्र नव्हे. घशाच्या काही विकारांत जुने पेनिसिलिनच आजही उत्तम ठरते.

दोघांचे दोषही सारखेच. एक ज्यास सोसत नाही, त्यास दुसरेही बहुधा वर्ज्य असते. काही जंतू एक विशेष द्रव्य निर्माण करून दोघांनाही निष्प्रभ करतात. औषध अपुरे घेतल्यास जंतू मरत नाहीत, उलट ते सहन करण्यास शिकतात, असा इशारा फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच दिला होता. आज तो खरा ठरला आहे. सर्दीपडशासारख्या विषाणूंच्या विकारांवर तर ही औषधे मुळीच चालत नाहीत.

म्हणून कोणते औषध, किती व किती दिवस घ्यावयाचे, हे वैद्यकतज्ज्ञानेच ठरवावे. शस्त्र उत्तम असले, तरी ते अकारण चालविल्यास बोथट होते. ही शस्त्रे पुढील पिढीसाठी धारदार ठेवणे आपल्याच हाती आहे.